पाया खणल्यावर कळतं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी म्हटलं, अरे, आपण सगळे पंचेचाळिशीला टेकलो, आता संधी सांगू कुणाला? आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यावर तो म्हणाला, "मग तुला काय बोलायचं ते बोल, पण जेवणाच्या आधी संपव." तेव्हा मी आज बांधकामाबद्दल बोलणार आहे. त्यातही ठेक्याबद्दल. काम देणारा, काम घेणारा आणि त्या दोघांमधला कागद, याबद्दल.

असा विषय घेण्याला दोन कारणं आहेत. पहिलं तुम्हाला माहीत आहे. आपल्या तुकडीने शाळेच्या जुन्या इमारतीतले दोन वर्ग नव्याने बांधून द्यायचं ठरवलं आहे. पैसे जमतायत आणि लवकरच आपण कुणाला तरी काम देणार आहोत. दुसरं कारण माहीत नाही, कारण ते मी तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं. माझे वडील ठेकेदार होते.

नववीत आपल्याला पालकांच्या माहितीचा एक फॉर्म भरून आणायला सांगितला होता, आठवतं? त्याच पावसाळ्यात गावात एका नव्या बांधकामाची भिंत पडली होती. पेपरात बातमी आली होती आणि वर्गात मागच्या बाकावरून विनोद चालू होते. ठेकेदार सिमेंट खातो, वाळू पितो, असे. विनोद कुणी केले ते मला आठवत नाही, आणि आठवत असलं तरी आज सांगणार नाही. जेवण एकत्रच करायचं आहे. पण मी घरी गेले आणि फॉर्ममध्ये 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात लिहिलं, शेती. आमची खटाव तालुक्यात थोडी कोरडवाहू जमीन होती, त्यामुळे अगदी खोटंही नव्हतं. सहीसाठी फॉर्म अण्णांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. एक शब्द बोलले नाहीत.

अण्णा सांगलीत आले ते दुष्काळाच्या साली, एका गवंड्याच्या हाताखाली. पुढे स्वतः गवंडी झाले, मग लहानसहान कामं घेऊ लागले आणि नोंदणीकृत ठेकेदार झाले. सायकलच्या कॅरिअरला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात ओळंबा, गुण्या, थापी, पाणसळीची नळी आणि एक लाल बांधणीची वही. रविवारी कधी कधी मला सायकलवर बसवून आयर्विन पुलावर न्यायचे. बाकीची माणसं पुलावरून पाणी बघतात. अण्णा कठड्यावरून वाकून पुलाचे खांब बघायचे.

तो पूल १९२९ चा. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या कारकिर्दीत झालेला. सांगली तेव्हा वाढत होती. हळद आणि गुळाचा बाजार होता, पेठा पसरत होत्या, आणि मध्ये कृष्णा. पावसाळ्यात नावेच्या भरवशावर बाजारपेठ चालत नाही. शहराला वाढायचं तर नदी ओलांडायला हवी होती. पुलाला तेव्हाच्या व्हाइसरॉयचं, लॉर्ड आयर्विनचं नाव दिलं गेलं, ते आजही आहे. आपण सगळे महापुरात त्याच पुलावरच्या पातळीकडे डोळे लावून बसतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी पुण्यात रात्रभर फोन हातात धरून बसले होते. दर तासाला एकच प्रश्न, "आयर्विनला किती?" नव्वद वर्षांचा दगडी पूल त्या पाण्यात उभा होता आणि आपण त्याला फूटपट्टीसारखं वापरत होतो.

अण्णा विचारायचे, "या पुलाला नाव कुणाचं?" मी सांगायचे. मग विचारायचे, "आणि बांधला कुणी?" मी राजेसाहेबांचं नाव घ्यायचे. ते हसायचे. म्हणायचे, "राजानं पैसे दिले, साहेबानं फीत कापली. खांबाच्या खड्ड्यात कोण उतरलं होतं?"

मग ते सांगायचे, नदीतलं काम कसं असतं. दिवाळीनंतर पाणी उतरलं की सुरुवात आणि मृग लागायच्या आत खांब पाण्याच्या वर आला पाहिजे. नाही तर वर्षाची मेहनत वाहून जाते. खांबाच्या जागेभोवती बांध घालायचा, आतलं पाणी सतत उपसायचं आणि खडक लागेपर्यंत खाली जायचं. त्या काळात सिमेंट महाग होतं आणि दगडी बांधकाम मुख्यतः चुन्यात चालायचं. चुनखडी भट्टीत भाजायची, विरवायची, वाळू किंवा सुरखी घालून बैलाच्या घाण्यात तासन्‌तास मळायची. घाणा कमी फिरला तर चुना धरत नाही, आणि हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. वीस वर्षांनी येतं. वडार दगड काढणार, पाथरवट घडवणार, गवंडी बसवणार. यांपैकी एकाचंही नाव पुलावर नसतं.

अण्णांचं एक वाक्य होतं, "पाया खणल्यावर कळतं." लहानपणी मला ते म्हणीसारखं वाटायचं. पुढे कळलं, तो साध्या व्यवहाराचा मुद्दा होता. आपल्या कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर भिंतीला तडा ठरलेला. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावंच लागतं. तो चार फुटांवर लागेल की आठ फुटांवर, हे कागदावर बसून सांगता येत नाही. जमिनीवरचं काम मोजून ठरवता येतं, जमिनीखालचं ठरवता येत नाही. ठेक्यातलं निम्मं भांडण या एका गोष्टीतून निघतं.

इंग्रजांनी १८५४ च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं. रस्ते, पूल, कचेऱ्या, कालवे अशा मोठाल्या कामांबरोबर ठेक्याची पद्धत देशभर पसरली. अंदाजपत्रक, निविदा, बयाणा, मोजमाप, बिल, अनामत. आपल्या महाराष्ट्रात ठेकेदारांच्या तोंडी अजून 'बी-वन' आणि 'बी-टू' हे शब्द आहेत. बी-वनमध्ये खात्याच्या अंदाजपत्रकावर इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली, असा एकच आकडा भरायचा. बी-टूमध्ये प्रत्येक बाबीचा वेगळा दर. खोदाईचा इतका, दगडकामाचा इतका. तिसरा प्रकार ठोक रकमेचा. पाया किती खोल जाईल हे माहीत नसताना ठोक रकमेवर काम घेणं म्हणजे जुगार, आणि तशा अटीवर काम देणं म्हणजे समोरच्याला चोरी करायला लावणं. कारण खड्डा जास्त खोल गेला की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर स्वतः बुडायचं, नाही तर वरच्या कामात सिमेंट कमी घालायचं. मागच्या बाकावरचा विनोद बऱ्याचदा तिथे जन्माला येतो, कागद लिहिला त्या दिवशी.

आता तुम्हाला सांगलीतून जरा साताऱ्याकडे नेते. आमचं गाव औंधपासून जवळ. यमाईच्या दर्शनाला आम्ही दर वर्षी जायचो आणि येता-जाता अण्णा औंधचे राजे आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची गोष्ट सांगायचे. किर्लोस्करवाडी आपल्याला माहीत आहे, पंप आणि नांगरांमुळे. पण तिची सुरुवात एका वाढत्या शहराच्या नकाशातून झाली, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं, म्हणून ते बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. हळूहळू ते खपायला लागले आणि धंदा जरा उभा राहतोय तोवर, १९१० च्या सुरुवातीला, बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. तिथे शहराची नवी वसाहत व्हायची होती. शहर वाढतं तेव्हा ते कुणाला तरी काम देतं आणि कुणाला तरी उठवतं. मुंबईतही १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रुंद रस्ते झाले, नव्या चाळी झाल्या आणि जुन्या वस्त्या हलल्या. बेळगावात ती वेळ लक्ष्मणरावांवर आली.

त्याच सुमाराला त्यांच्या हाती औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम होतं. नांगर करणाऱ्या माणसाने बांधकामाचा ठेका घेतला होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांचं नाव आपण सूर्यनमस्कारांमुळे ऐकलेलं असतं, ते नुकतेच गादीवर आले होते. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी बिनव्याजी कर्ज दिलं आणि संस्थानात हवी ती जागा निवडा म्हणून सांगितलं. लक्ष्मणरावांनी निवडली कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर. निवडुंगाने भरलेली, नागांचा सुळसुळाट असलेली, कुणालाही नको असलेली. पण शेजारून रेल्वे जात होती. १० मार्च १९१० ला तिथे सुरुवात झाली. थोरले भाऊ रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था बघितली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीचं काम दिलं आणि त्यांनी ते चोख केलं. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे आणि औंध सातारा जिल्ह्यात. आपल्या दोन जिल्ह्यांमध्ये असा एक धागा आहे.

अण्णा ही गोष्ट सांगून म्हणायचे, "राजानं आधी कामाचा माणूस बघितला, मग विश्वास टाकला." मला लहानपणी ते पटायचं. मोठी झाल्यावर त्यात एक गोष्ट दिसली जी अण्णांना दिसली नव्हती, किंवा दिसूनही त्यांनी मानली नव्हती. बाळासाहेबांचा शब्द टिकला याचं एक कारण असं की बाळासाहेब स्वतः तिथेच होते. संस्थानं विलीन होईपर्यंत, जवळजवळ चार दशकं, शब्द देणारा माणूस त्याच गादीवर होता. त्यांची बदली होणार नव्हती.

अण्णांच्या कामात बदली झाली.

आम्ही अकरावीत होतो त्या वर्षी अण्णांनी एका कार्यालयाची लहानशी इमारत बांधायला घेतली. कुठल्या ते सांगत नाही. अंदाजपत्रकात पाया चार फूट धरला होता. चार फुटांवर काळी माती, पाच फुटांवर काळी माती, सहा फुटांवरही तेच. कामावरच्या साहेबांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "मुरूम लागेपर्यंत जा, जादा काम बिलात घेऊ." साहेब माणूस चांगला होता. खोटं बोलला नव्हता. अण्णा साडेसात फुटांपर्यंत गेले. लेखी आदेश मागा असं आई म्हणाली होती. अण्णा म्हणाले, "त्यांच्या तोंडावर कागद मागायचा म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं."

जोतं वर आलं आणि साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी मोजमाप पुस्तक उघडलं. तिथे चार फूट. जादा खोदाई, जादा दगडकाम, सगळं जमिनीखाली गाडलेलं. ते म्हणाले, "आदेश दाखवा." तेही चुकत नव्हते. कागदावर नसलेल्या कामाचे सरकारी पैसे त्यांनी कुठल्या आधाराने द्यायचे? ३८ हजार रुपये अडकले, ते कायमचे. गवंडी आणि जतकडचे मजूर यांना मात्र शनिवारच्या बाजाराआधी पगार द्यायचाच होता. आईच्या पाटल्या गेल्या. एकाही मजुराचे पैसे राहिले नाहीत. त्यानंतर अण्णांनी सरकारी काम घेतलं नाही. घरांची किरकोळ दुरुस्ती, प्लास्टर, गिलावा, एवढंच.

त्या पायावरची इमारत आजही सरळ उभी आहे. चार फुटांवर थांबले असते तर बिलही निघालं असतं आणि भिंतीला तडाही गेला असता.

मी संगणक अभियांत्रिकीला गेले तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट पक्की होती. या धंद्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. प्रवेश मिळाला आपल्या सांगलीतल्याच वालचंद कॉलेजला. चार वर्षं त्या फाटकातून आत-बाहेर केलं, पण वालचंद म्हणजे कोण, हे पदवी हातात आल्यावर वाचलं. वालचंद हिराचंद, जन्म १८८२, सोलापूरचे. जहाजं, विमानं, मोटारी हे सगळं नंतरचं. सुरुवात रेल्वेच्या ठेकेदारीने. घरचा सावकारी आणि कापसाचा धंदा सोडून त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबर भागीदारी केली. फाटक रेल्वेत कारकून होते, ती नोकरी सोडून ठेकेदार झालेले. एकाकडे कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल उभं करायची धमक. बार्शी लाइट रेल्वेच्या मातीकामापासून सुरू झालेला हा माणूस १९२० मध्ये टाटांबरोबर बांधकाम कंपनीत आला. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि वाढत्या मुंबईला तानसाचं पाणी आणणारी नळवाहिनी ही त्यांच्या कामांपैकी. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी. ते गेले १९५३ मध्ये आणि १९४७ ला सुरू झालेल्या आपल्या सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये त्यांचं नाव लागलं.

पुण्याला आपण रेल्वेने जातो तेव्हा बोगदा येतो आणि मोबाइलची रेंज जाते म्हणून आपण वैतागतो. मी अलीकडे वैतागत नाही. फॉर्ममध्ये जो शब्द लिहायची मला लाज वाटली होती, तोच व्यवसाय करून मोठा झालेल्या माणसाच्या नावाची पदवी मी भिंतीवर लावली आहे, हे मला त्या बोगद्यात दर वेळी आठवतं.

आणि खरं सांगायचं तर मी ठेकेदारीतून सुटलेही नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसरं काय करतो? परदेशातली एखादी कंपनी काम देते, आम्ही अंदाज देतो, काम सुरू होतं. मग पाया खणल्यावर कळतं. जुन्या यंत्रणेत काय काय गाडलेलं आहे ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. फोनवर कुणी तरी गोड आवाजात सांगतं, "एवढं जरा करून टाका, नंतर बघू." माझ्या हाताखालची मुलं मला हसतात, कारण प्रत्येक फोननंतर मी पंधरा मिनिटांत पत्र पाठवते. 'आज आपलं असं असं ठरलं. हे मूळ कामात नव्हतं. याला इतके दिवस जास्त लागतील. चुकत असेल तर कळवा.' कुणाला वाटतं बाई संशयी आहे. तसं नाही. मला त्या माणसावर विश्वास असतो. त्याची बदली होईल, एवढंच मला माहीत असतं.

अण्णांचं जिथे चुकलं असं मला वाटतं, ते इथे. त्यांना कागद म्हणजे अविश्वास वाटायचा. मला वाटतं, माणूस बदलला तरी त्याचा शब्द मागे राहावा म्हणून कागद असतो. मी हे त्यांना एकदा म्हटलं. ते म्हणाले, "तू शिकलीस म्हणून तुला मागता येतो. मी मागितला असता तर पुढचं काम मिळालं नसतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. कागद मागायची हिंमत काम घेणाऱ्याकडून का अपेक्षावी? तो देणाऱ्याने आपणहून द्यायला हवा.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं सत्तरावं कलम सांगतं, की एखाद्याने फुकट करायच्या हेतूने नव्हे, असं रीतसर काम दुसऱ्यासाठी केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. १९६१ मध्ये पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच लावलं. रीतसर करार झालेला नसताना ठेकेदाराने बांधलेल्या गोदामांचे आणि रस्त्याचे पैसे सरकारला द्यावे लागले. पण ते काम १९४४ चं होतं. सतरा वर्षं लढायला सायकलवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या माणसाजवळ काय असतं?

आता आपल्या शाळेबद्दल. नदीकडच्या बाजूची कुंपणभिंत आणि मुलींची स्वच्छतागृहं आपण दहावीत असताना झाली. ती अण्णांनी बांधली. मी तेव्हा मधल्या सुट्टीत त्या बाजूला फिरकायचे नाही, अण्णा हाक मारतील म्हणून. त्यांनी एकदाही मारली नाही. त्या कामातही पाया अंदाजापेक्षा खोल गेला होता. तेव्हाचे आपले मुख्याध्यापक रोज संध्याकाळी येऊन खड्डा बघायचे. त्यांनी अण्णांची लाल वही मागून घेतली, स्वतःच्या हाताने खोली लिहिली, खाली तारीख घातली आणि सही केली. अण्णांनी काही मागितलं नव्हतं. दिवाळीच्या आधी सगळे पैसे मिळाले. ती वही माझ्याकडे आहे, आज बरोबर आणली आहे. जेवणानंतर ज्यांना बघायची असेल त्यांनी बघा. सरांचं अक्षर तुम्ही लगेच ओळखाल, आपल्या प्रगतिपुस्तकांवर तेच असायचं.

२०१९ मध्ये शाळेच्या पटांगणात पुराचं पाणी होतं. वर्ग खराब झाले, म्हणूनच आज आपण पैसे जमवतोय. ती भिंत जागची हलली नाही.

म्हणून नव्या वर्गांच्या कामासाठी समितीपुढे माझ्या काही सूचना आहेत. पहिली, निविदा मागवण्याआधी तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन जमीन बघा. थोडा खर्च होईल, पुढची भांडणं वाचतील. दुसरी, पायाचं काम ठोक रकमेवर देऊ नका. फुटामागे दर ठरवा, जेवढं खाली जाईल तेवढे पैसे. तिसरी, सगळ्यात कमी दर आला म्हणून डोळे झाकून काम देऊ नका. ज्याचा दर फारच खाली आहे, त्याला कशात काय धरलंय ते समजावून सांगायला लावा. चौथी, बदल सुचवला की त्याच दिवशी लिहून सही करा. आणि ते आपण करायचं, त्याने मागायची वाट बघायची नाही. पाचवी, मोजमाप झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्या. आपली वर्गणी उशिरा आली तर तो आपला प्रश्न, त्याच्या मजुरांचा नव्हे. सहावी, पाच टक्के अनामत एक पावसाळा संपेपर्यंत ठेवा, आणि पावसाळा नीट गेला की तिसऱ्यांदा विचारायला न लावता परत करा.

शेवटची सूचना खर्चाची नाही. दारावर पाटी लागेल तेव्हा तिच्यावर देणगीदारांची नावं असतीलच, असावीतच. त्याच पाटीवर गवंड्यांची, सुताराची आणि ठेकेदाराचीही नावं कोरावीत. चांगलं काम झालं तर ते अभिमानाने दाखवतील. वाईट झालं तर नाव तिथे आहेच.

अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या फॉर्मबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. या स्मरणिकेसाठी आलेला माहितीचा फॉर्म मी मागच्या आठवड्यात भरला. त्यात माझी नोकरी, नवऱ्याची नोकरी, मुलांचं शिक्षण, सगळे रकाने होते. वडिलांच्या व्यवसायाचा नव्हता. म्हणून ते इथे सांगितलं. शाळेच्या दप्तरात तो जुना कागद अजून असेल, तर तिथली नोंद दुरुस्त करून घ्यावी, अशी कार्यालयाला माझी विनंती आहे. शेती नव्हे, ठेकेदार.

आता जेवायला चला. भडंग संपत आलंय असं मागून कुणी तरी मघापासून खुणावतंय.